डॉक्टर खुर्चीवरून उठले तेव्हा

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला हा कायमचा दुष्काळी भाग. काम सुरू झालं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात. त्याआधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघांनी एक गोष्ट अनुभवली होती: जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि गावच्या त्याच पाण्याने पुन्हा आजारी पडायचं. गोळी देणारा डॉक्टर तिथे कितीसा पुरणार?

जामखेडला त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. जमलं नाही. मग गावांनीच आरोग्याच्या कामासाठी आपल्यातल्या बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. ठरावीक दिवशी त्या जामखेडला शिकायला यायच्या, सगळ्या जातींच्या बायका एका पंगतीत जेवायच्या. आरोळे दांपत्याचं मोठेपण मला इथे दिसतं. वैद्यकी ही डॉक्टरांची मिरास, हा समज त्यांनी स्वतःच मोडला.

त्याचा परिणाम घराच्या उंबऱ्याच्या आत झाला. गरोदर बाईने कमी खावं, म्हणजे बाळ लहान राहतं आणि सुटका सोपी होते, अशी पक्की समजूत होती. डॉक्टरांनी दहादा बजावलं असतं तरी सासूने मान डोलावून सोडून दिलं असतं. पण शेजारची, स्वतः बाळंतपणं सोसलेली बाई चुलीपाशी बसून सांगू लागली, तेव्हा सुनेच्या ताटात भाकरी वाढली.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून हीच वाट वेगळ्या पद्धतीने धरली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. म्हणून तिथे झोपड्या आहेत, नातेवाइकांना राहायला जागा आहे आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे. गावातल्याच बायकांनी घरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

आज शहरातल्या हॉस्पिटलात डिस्चार्जच्या वेळी समाधानाचा फॉर्म पुढे येतो. खोली स्वच्छ होती का, जेवण कसं होतं, बिलिंगला वेळ लागला का. आजार तुम्हाला समजला का, घरी गेल्यावर काय करायचं ते ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं का, हे प्रश्न त्यात क्वचितच सापडतात. जामखेडच्या बायकांना हेच प्रश्न आधी सुचले असते. त्यांच्यापुढे तर देशोदेशीचे डॉक्टर शिकायला बसले आहेत.