पावसाळा दोघांचाही वैरी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या प्रयोगशाळेतला ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी, भंगारात निघाला. फोन आला तेव्हा मी उरण लोकलमध्ये होतो. न्हावा-शेवाच्या बाजूला कंटेनरच्या चळती दिसत होत्या. माझ्या लहानपणी या पट्ट्यात मिठागरं होती.

त्या पेटीत आम्ही हायड्रोजन धरून ठेवणारी पांढरी पूड, सोडियम बोरोहायड्राइड, हाताळायचो. बोरोहायड्राइडचा जुना इतिहास पुस्तकांत आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोत श्लेसिंगर आणि ब्राउन यांनी ते बनवलं. पुढे १९७९मध्ये ब्राउन यांना नोबेल मिळालं. मला बोलायचंय ते २००२ ते २०१२ या दहा वर्षांबद्दल.

हायड्रोजन टाकीत दाबून भरण्यापेक्षा घन पदार्थात बांधून ठेवावा, या विचारानं तेव्हा आम्ही झपाटलो होतो. अमोनिया बोरेन हा असाच एक घन पदार्थ; त्याच्या वजनात १९.६ टक्के हायड्रोजन असतो! ते बनवायला सोडियम बोरोहायड्राइड आणि अमोनियम सल्फेट टीएचएफ या द्रावकात ४० अंशांवर ढवळायचं, सोडियम सल्फेट गाळून काढायचं, टीएचएफ उडवायचं. तळाशी पांढरे स्फटिक उरत. माझे वडील मिठागरात हेच करत आले होते. पावसाळा दोघांचाही वैरी. हवेतल्या ओलीनं बोरोहायड्राइडला पाणी सुटे आणि बाटलीतल्या बाटलीत हायड्रोजन निसटून जाई. म्हणून आषाढात आमचा सगळा जीव त्या ग्लोव्ह बॉक्समधल्या कोरड्या आर्गॉनवर असे.

अडचणी खऱ्या होत्या. अमोनिया बोरेन शंभर अंशांपुढे तापवलं की फेसाळे. त्यातून येणारं बोरॅझिन फ्युएल सेलला मारक. बोरोहायड्राइडच्या एका रेणूसाठी सोडियमचे चार अणू खर्ची पडत आणि त्यात एकच टिके. सोडियम काढायचा वितळलेल्या मिठातून, वीज ओतून. हायड्रोजन देऊन झाल्यावर उरलेल्या बोरेटचं पुन्हा बोरोहायड्राइड करायचं कसं, हा खरा प्रश्न होता.

नोव्हेंबर २००७मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं सोडियम बोरोहायड्राइड पाण्यात विरघळवून गाडीत हायड्रोजन काढण्याचं संशोधन थांबवावं, असं ठरवलं. तो निर्णय गाडीपुरता होता. आमचा प्रस्ताव मात्र ‘अमेरिकेनं सोडलं’ एवढ्याच कारणावर परत आला. आमच्या प्रस्तावात गाडीचा उल्लेखही नव्हता. हा राग अजून गेलेला नाही. २०११मध्ये लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनापासून हायड्रॅझिन आणि द्रव अमोनिया वापरून अमोनिया बोरेन परत मिळवलं, ४० अंशांवर, २४ तासांत. हायड्रॅझिन महाग, पण वाट दिसली होती. ती चालून पाहायला आमच्याकडे तोवर प्रकल्पच उरला नव्हता.

जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले. आनंद आहे. पण ओलीचा स्पर्श न होऊ देता ती पांढरी पूड हाताळणारी आमच्या प्रयोगशाळेतली मुलं केव्हाच औषध कंपन्यांत पांगली. ती जाणकारी पैसे आले म्हणून एका हंगामात परत येत नाही.

मिठागर गेलं तेव्हा जमिनीचा मोबदला ठरला. पाण्याचा रंग पाहून मीठ कधी धरेल हे सांगणाऱ्या वडिलांच्या नजरेचं मोल कुणी केलं नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या वेळीही भंगारवाल्यानं फक्त स्टीलचं वजन केलं.