नशेचा अंश, गोदेमार्गे समुद्रात

बीडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; तरी सांडपाण्याला वाट आहेच. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला, आणि गोदा आंध्रात बंगालच्या उपसागराला.

घेतलेले अमली द्रव्य शरीरात पूर्ण जिरत नाही. काही भाग मूळ रूपात, बाकीचा बदललेल्या रूपात लघवीवाटे गटारात उतरतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे मैला आणि जंतू रोखण्यासाठी बांधलेली. हे अंश तिथून बऱ्याचदा सुटतात. आपल्याकडे तर कितीतरी नाले थेट नदीतच!

इटलीतल्या पो नदीत रोज सुमारे 4 किलो कोकेनइतका अंश वाहत असल्याचा अंदाज संशोधकांनी 2005 मध्ये मांडला. रिओ दी जानेरोजवळ पकडलेल्या 13 शार्कच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सर्वच्या सर्व माशांत कोकेन सापडले.

हे फक्त परदेशातले, असे समजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बीडच्या वरच्या अंगाला, गोदाकाठच्या पैठण औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रोन आणि केटामाइन जप्त केले. अशा कारखान्यांतली रसायने पाण्यात गेली, तर ती सेवनातून उतरणाऱ्या अंशापेक्षा घातक ठरू शकतात. नदीच्या नियमित तपासणीत प्राणवायू, जंतू, क्षार मोजतात. त्यात या द्रव्यांचीही भर पडायला हवी.