झोत, शेवाळ आणि शाळेचे अंगण

बेळगाव परिसरातील पावसाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला शेवाळाची निराळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. मृगाच्या सरी कोसळू लागल्यापासून गौरी-गणपतीच्या दिवसांपर्यंत इकडच्या भिंती, पायऱ्या, विहिरींचे कठडे आणि अंगणे हिरवीगार होतात. दुरून ते दृश्य रम्य वाटते. परंतु पहाटे दूध आणायला निघालेल्या वृद्धाला किंवा मधल्या सुट्टीत धावत सुटलेल्या मुलाला त्या रम्यतेची किंमत प्रसंगी हाड मोडून चुकवावी लागते.

आमच्या शाळेत गेल्या श्रावणात नेमके असेच घडले. चौथीतील एक मुलगी नळाकडे धावताना घसरली आणि तिचे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. त्या माउलीने दोषाचा एक शब्दही उच्चारला नाही. "गुरुजी, एवढं अंगण तेवढं बघा," इतकेच बोलून ती निघून गेली. तिने दोष दिला असता तर कदाचित मला बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात मी वाहने धुण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून प्रेशर वॉशर मागून आणला. रविवारी सकाळी शिपायांना सोबत घेऊन मी स्वतःच त्याची नळी हाती धरली. झोत जिथे पडे तिथे हिरव्या-काळ्या थरातून पांढराशुभ्र पट्टा उमटे. तासाभरात अर्धे अंगण उजळले आणि आपण मोठा पराक्रम केल्याच्या समाधानात मी घरी परतलो. सोमवारी ऊन पडले, अंगण वाळले, तेव्हा पराक्रमाचे खरे स्वरूप दिसले. पृष्ठभागावर नांगराच्या तासांसारखे पट्टे उमटले होते, ठिकठिकाणी खडी उघडी पडली होती आणि गटाराच्या तोंडाशी वाळूचा ढीग साचला होता.

शेजारच्या इमारतीवर काम करणारे एक वृद्ध गवंडी ते पाहून थांबले. हसू आवरत त्यांनी विचारले, "गुरुजी, शेवाळ धुतलं का अंगणच धुऊन काढलं?"

मी म्हणालो, "मामा, काँक्रीट म्हणजे दगडच ना? पाण्याने दगड कसा जाईल?"

"चांगलं असलं तर दगड," ते खाली बसत म्हणाले आणि खिशातला खिळा काढून त्यांनी अंगणावर ओढला. खिळ्यामागे पांढरी भुकटी उमटली. "हे दगड न्हवं, गुरुजी. ही वाळलेली साय हाय."

त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. सिमेंट वाळून घट्ट होते असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. त्यासाठी लागणारे पाणी मर्यादित असते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरेसे ठरते. परंतु माल सहज पसरावा म्हणून कामगार सढळ हाताने पाणी ओततात. पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते, हा नियम डफ एब्रॅम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये मांडला. हे जादा पाणी वर येताना सिमेंटचे आणि मातीचे सूक्ष्म कण सोबत आणते आणि दुधावर साय धरावी तसा एक दुबळा थर पृष्ठभागावर जमतो. रंधा मारल्यावर तो गुळगुळीत आणि देखणा दिसतो. त्यात पुढे पाणी मारण्याची हयगय झाली, तर वरचा भाग कायमचा कच्चा राहतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओल टिकवावी लागते. आमचे अंगण पालकांच्या वर्गणीतून मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला असताना, घाईघाईने झाले होते. चार दिवसांत त्यावर पाणी मारणे थांबले होते आणि देखरेखीला मीच होतो. तेव्हा बोट दाखवायचे तर ते माझ्याकडेच वळते.

आता झोताची ताकद पाहू. घरगुती नळाचे पाणी साधारणतः १ ते ३ बार दाबाने येते. लहान प्रेशर वॉशरचा दाब १०० ते १३० बार असतो. पुलांच्या दुरुस्तीत खराब झालेले काँक्रीट काढण्यासाठी १,००० बारहून अधिक दाबाचा पाण्याचाच झोत वापरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पाणी दगडाला काय करणार, हा माझा प्रश्न किती भाबडा होता ते कळेल. झोत प्रथम वरची साय उडवतो आणि मग वाळूला धरून ठेवणारे सिमेंट. पृष्ठभाग एकदा खरखरीत व सच्छिद्र झाला की पुढल्या पावसात शेवाळाला तेथे अधिक बळकट थारा मिळतो. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिले, तोच रोग बळावतो.

म्हणून धुण्यापूर्वी परीक्षा आवश्यक आहे. कोरड्या जागी तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर पृष्ठभाग दुबळा समजावा. खिळ्याने ओरखडा काढावा; तो सहज खोल गेला तर काँक्रीट कच्चे आहे. लाकडी हातोडीने हलके ठोकावे. पोकळ, ढब्ब आवाज आला तर तेथील थर खालून सुटला आहे. शेवटी थोडे पाणी टाकावे. ते चटकन शोषले गेले तर सच्छिद्रता जास्त आहे. यांपैकी एकही लक्षण आढळले तर यंत्राचा मोह आवरावा.

दुबळे काँक्रीट धुताना एक सूत्र लक्षात ठेवावे: मळ सोडवण्याचे काम औषधाने व ब्रशने करावे, पाण्याने तो केवळ वाहून न्यावा. प्रथम खराट्याने पालापाचोळा व माती काढावी आणि लाकडी पट्टीने शेवाळाचा जाड थर खरवडावा. मग दहा लिटर पाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी अंगणावर शिंपडावे. दहा-पंधरा मिनिटांत शेवाळ मरून फिकट पडते. मग नायलॉनचा किंवा काथ्याचा ब्रश फिरवावा. तारेचा ब्रश वापरू नये. हातात रबरी मोजे असावेत, डोळे जपावेत, तुळस व इतर झाडांची मुळे आधी साध्या पाण्याने भिजवावीत आणि हे पाणी विहिरीकडे वाहू देऊ नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे संडास धुण्याचे आम्ल. आम्लाने डाग जातात खरे, पण त्यासोबत सिमेंटही विरघळते. शिवाय ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. स्वच्छतेच्या घाईत अशी मिश्रणे करून जीव धोक्यात घालू नये.

पाणी मारण्यास बागेची रबरी नळी बहुधा पुरते. यंत्र वापरायचेच असेल, तर दाब सर्वांत कमी ठेवावा. पुष्कळ यंत्रांसोबत रंगीत नोझल येतात. त्यांपैकी ४० अंशांत पंख्यासारखा झोत पसरवणारे पांढरे नोझल घ्यावे. सरळ रेषेत मारा करणारे लाल नोझल आणि गरगर फिरणारे नोझल यांना हात लावू नये. एखाद्या कोपऱ्यात दोन फुटांवरून सुरुवात करून पाहावे आणि फुटापेक्षा जवळ जाऊ नये. झोत तिरका धरावा, हात सतत हलता ठेवावा आणि भेगा, सांधे व पोकळ जागा वगळाव्यात. गच्चीवर तर हे पथ्य अधिकच कडक पाळावे. भेगांतून आत गेलेले पाणी सळया गंजवते. यंत्र विजेचे असल्याने त्याची जोडणी अर्थिंग असलेल्या, कोरड्या जागेतील बोर्डावरच करावी.

सर्वांत खात्रीची खूण गवंडीमामांनी मला सांगितली. वाहून जाणारे पाणी ताटलीत धरून पाहावे. ते हिरवे-काळे असेल तर मळ जात आहे. ते राखाडी झाले आणि तळाशी वाळू बसू लागली, तर अंगण जात आहे. तेथेच थांबावे, मग डाग राहिला तरी चालेल.

पुढील रविवारी उरलेले अर्धे अंगण आम्ही याच रीतीने धुतले. एका तासाच्या कामाला पूर्ण दिवस लागला आणि जुने काही डाग राहिले; पण वाळूचा कण सुटला नाही. धुतलेल्या भागातील भुकटी आटोक्यात यावी म्हणून सिलिकेटयुक्त द्रावण लावले. ते काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग घट्ट करते. मी बिघडवलेल्या भागावर मात्र अशा द्रावणाचा इलाज नव्हता. त्यावर सिमेंटचे पातळ पाणी फासण्याचा सल्ला काहींनी दिला, पण असा पापुद्रा टिकत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत तो भाग उखडून, पाणी मोजून घालून, नव्याने केला आणि ओले गोणपाट पसरून दहा दिवस ओला ठेवला. नळापाशी पाणी साचत होते, तेथे उतार काढला. ओल हटल्याशिवाय शेवाळ हटत नाही. ते वारंवार धुण्यापेक्षा पाण्याला वाट देणे शहाणपणाचे.

तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात कच्च्या मुलाला रागाच्या झोताने घासून उजळवण्याची चूक माझ्या हातून अनेकदा झाली आहे. ज्याचा पाया मुळात आपण नीट घातला नाही, त्याच्यावर आपल्याच बळाचा प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला, हा प्रश्न आता मला त्या अंगणातून जाताना पडतो.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी ती मुलगी नव्या उतारावरून धावत नळाकडे गेली. 'हळू' म्हणण्यासाठी मी हात वर केला होता. तो तसाच खाली घेतला.