मुंबईच्या सागवानाची ‘सुहैली’

शर्यतीची नौका म्हटली की हलकी, निमुळती, वाऱ्याबरोबर धावणारी नौका आपल्या डोळ्यांसमोर येते. ‘सुहैली’ तशी नव्हती. लांबी जेमतेम ३२ फूट, बांधणी जड, चाल संथ. तरीही एकट्या माणसाला घेऊन, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी जगातली पहिली नौका तीच. आणि ती बांधली गेली आपल्या मुंबईत!

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. १९६३ मध्ये त्याने कुलाब्याला नौकेचे काम सुरू केले. सुतारांनी हातअवजारांनी सागवान तासून ती घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरली. ‘सुहैली’ हे आखातातल्या अरब खलाशांनी आग्नेयेच्या वाऱ्याला दिलेले नाव.

१९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. नऊ जण उतरले. १४ जूनला रॉबिनने इंग्लंडमधले फाल्मथ बंदर सोडले आणि थोड्याच दिवसांत नौकेत पाणी शिरू लागले. अटलांटिक महासागरात बुडी मारून, श्वास रोखून, त्याने फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवला व वरून तांब्याची पट्टी मारली. पुढे दक्षिण महासागराच्या लाटांनी नौका आडवी केली, पिण्याचे पाणी खराब झाले, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून अधिक काळ तिची कसलीच खबर नव्हती. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. शर्यत पुरी करणारी ती एकटीच ठरली.

तिच्याहून वेगवान नौकांचे काय झाले? नायजेल टेटलीची नौका घर जवळ आले असताना फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्टने खोट्या नोंदी केल्या आणि तो समुद्रात नाहीसा झाला. रॉबिनने बक्षिसाचे ५,००० पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

१९९७ मध्ये ‘सुहैली’ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात गेली. पण तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. समुद्राने जे केले नाही, ते संग्रहालयात होऊ लागले! २००२ मध्ये तिला बाहेर काढण्यात आले, आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली.

तिची प्रतिकृती ‘तुरिया’ २०१७ मध्ये गोव्यात तयार झाली. तिच्यातून अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. पण उपग्रहामुळे ठावठिकाणा कळत होता. तीन दिवसांत मदत पोहोचली. पन्नास वर्षांपूर्वी ‘सुहैली’वरच्या माणसाला असा कोणताच आधार नव्हता. होते ते आपले दोन हात आणि कुलाब्याच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्या.