सिंकमध्ये आधी काय टाकलंय?

परवा आमच्या बचत गटाची बैठक एका मैत्रिणीकडे होती. नवं घर, काळ्या ग्रॅनाइटचा सुबक ओटा. पण चहाचे कप विसळायला गेले आणि चमकलेच. सहा महिन्यांपूर्वी बसवलेल्या सिंकचा तळ काळपट पडलेला, आणि त्यावर टाचणीनं टोचावेत तसे बारीक खड्डे. "बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जाईनात हो ताई, म्हणून फरशीचं ॲसिड टाकलं," ती ओशाळून म्हणाली. मी गप्प राहिले. कारण तो पराक्रम माझ्याही घरी झालेला आहे!

दिवाळीची आवराआवर चालू होती. सिंकला वास येतो म्हणून मी ब्लीचिंग पावडरचं पाणी त्यात ओतून ठेवलं आणि बाजारात जाऊन आले. भांड्यांना येणाऱ्या मावशींना सांगायचं विसरलेच. त्यांनी डाग काढायला वरून ॲसिड ओतलं. मी दारात पाऊल ठेवते तो उग्र वास! मावशींच्या डोळ्यांतून धारा, खोकल्याची उबळ थांबेना. त्यांना धरून अंगणात बसवलं, घराची दारं-खिडक्या उघडी टाकली आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. "ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलंत का?" हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, तो थेट छातीत जातो. मावशींचा आवाज दोन दिवस बसला होता. "वैनी, मला वाटलं नुसतं पाणीच साचलंय," एवढंच त्या म्हणाल्या. मला मात्र मान वर करवेना.

त्यानंतर मी हा विषय जरा समजून घेतला. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असतं, ३०४ प्रतीच्या सिंकमध्ये साधारण १८ टक्के. हवा लागून त्याचा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर वर बसतो आणि तोच गंज अडवतो. साधा ओरखडा गेला तर हा थर पुन्हा धरतो. पण फरशीचं ॲसिड, ब्लीच, फार काय, तासन्‌तास पडून राहिलेलं मीठ किंवा लोणच्याचा खारही त्याला कुरतडतो. मग पडलेले खड्डे काही बुजत नाहीत. दुकानदार लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे अस्सल" असं सांगतात, त्यावर विसंबू नका. कमी निकेलच्या स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. प्रत विचारून बिलावर लिहूनच घ्यावी.

पांढरे डाग म्हणजे पाण्यातले क्षार. त्यांना ॲसिडची तोफ कशाला? व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात फडकं भिजवायचं, डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग चोळून स्वच्छ धुवायचं. पिळलेल्या लिंबाची सालही चालते. फक्त त्याआधी ब्लीच वापरलेलं नसावं, कारण आंबट कशाशीही ब्लीच मिसळलं तरी तोच वायू निघतो.

तांबूस डाग बहुतेक वेळा सिंकचे नसतातच. रात्री ओला लोखंडी तवा नाहीतर विळी आत राहिली, की तिचा गंज खाली उतरतो. तारेच्या घासणीचे बारीक कणही असेच अडकून गंजतात. खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट करून मऊ फडक्यानं, स्टीलवर ज्या दिशेनं रेघा दिसतात त्याच दिशेनं घासावं. आमच्या सासूबाईंचा राखेवर फार विश्वास. पितळेला ठीक आहे, पण राखेतल्या खड्यांनी सिंकवर चरे पडतात, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली!

वास येत असेल तर आधी जाळी काढून तिच्या खालचं खरकटं बघा. कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका, वर्तमानपत्रानं पुसून घ्या. सिंकखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साठलेलं असतं, ते गटाराचा वास अडवतं. पंधरा दिवस माहेरी जाऊन आलं की ते सुकलेलं असतं आणि घर उघडताच नाक धरावं लागतं. तेव्हा फिनेलच्या बाटलीकडे धावण्याआधी दोन तांबे पाणी ओतून बघा.

आणि रोज रात्री शेवटचं भांडं झालं की कोरड्या फडक्यानं सिंक पुसून घ्यायचं. पाणी सुकायला उरलंच नाही, तर क्षार साठणार कुठून?

ॲसिडची बाटली आमच्या घरातून गेली ती गेलीच. मावशी मात्र अजूनही सिंकमध्ये काही टाकण्याआधी आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी हाक मारतात, "वैनी, आधी काय टाकलंय का?"