आधी पांढरी तार तपासा

अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या लहान, दोघांपुरत्या ट्रेलरचे मागचे दिवे बहुधा ४ पिनांच्या चपट्या कनेक्टरवर चालतात. तपकिरी तार टेललाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची. ब्रेकलाइटला वेगळी तारच नाही. तेही काम पिवळी-हिरवीकडेच. त्यामुळे ओढणाऱ्या गाडीत ब्रेक आणि इंडिकेटरचे दिवे वेगळे असतील, तर मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो.

खरी डोकेदुखी पांढऱ्या तारेची, म्हणजे अर्थिंगची. डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवाही मिणमिणतो? बल्ब बदलत बसू नका. परतीची वाट खराब असली की करंट दुसऱ्याच फिलामेंटमधून वाट काढतो. चासीवरचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल बोल्टने घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. काही जण ही तार जोडतच नाहीत, हुकाच्या गोळ्यातून अर्थिंग मिळेल म्हणतात. मिळतं, पण पहिल्या खड्ड्यापर्यंत!

आतले दिवे आणि पंखा ट्रेलरच्या स्वतःच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. ती धावत्या गाडीवरून चार्ज करायची असेल, तर ७ पिनांचा कनेक्टर लागतो.