वेगळं व्हायचं... पण ठरवणार कोण?

सकाळची जामनेर-जळगाव एसटी. दोघांच्या सीटवर तिघं. जळगाव येईपर्यंत शेजाऱ्याचं कोपरसुद्धा नकोसं होतं, हो ना? आता समजा, उतरायचा स्टॉपच नाही. जन्मापासून कुणीतरी शरीराला जोडलेलंच आहे. अशी सयामी जुळी रीलमध्ये दिसली की आपण पटकन म्हणतो, 'मग करा ना ऑपरेशन!' पण ते इतकं सोपं आहे का?

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये सव्वा वर्षाच्या दोन जुळ्या भावांना वेगळं केलं गेलं. यकृत, आतडी, मूत्राशय जोडलेलं होतं. वीसेक डॉक्टर आणि सुमारे बारा तास! ऑपरेशन यशस्वी झालं. पण बाळांना कोण विचारणार? होकार द्यायचा तो आई-बाबांनीच. ऑपरेशन थिएटरबाहेरचे त्यांचे ते बारा तास जरा डोळ्यांसमोर आणून बघा.

बरं, वय वाढलं म्हणजे निर्णय सोपा होतो का? इराणच्या लादन आणि लालेह बिजानी या बहिणींची डोकी जोडलेली होती. दोघींनी कायद्याचं शिक्षण घेतलं. लादनला वकील व्हायचं होतं, लालेहला पत्रकार. मास कॉम करणाऱ्या मला हे वाचून चर्र झालं. जिवाला धोका आहे हे माहीत असूनही त्यांनी ऑपरेशनचा हट्ट धरला. जुलै २००३, सिंगापूर. पन्नास तासांहून जास्त चाललेल्या ऑपरेशनमध्ये दोघीही गेल्या. वय अवघं २९. शेवटी कबरी मात्र वेगवेगळ्या, पण शेजारी-शेजारीच.

त्याच वर्षी आजच्या तेलंगणात वीणा आणि वाणी जन्मल्या. त्याही डोक्याने जोडलेल्या. देश-परदेशातल्या डॉक्टरांनी तपासलं, पण धोका मोठा म्हणून ऑपरेशन झालं नाही. त्यांचं बालपण हैदराबादच्या निलोफर हॉस्पिटलमध्ये गेलं. २०२२ मध्ये दोघी फर्स्ट क्लासमध्ये बारावी पास झाल्या. पेपर वेगळे, मार्कही वेगळे. आता सीए व्हायचंय म्हणतात.

म्हणजे वेगळं होणं हाच एकमेव 'हॅपी एंडिंग' नाही. धोका किती ते डॉक्टर सांगतील, बाळांसाठी आई-बाबा ठरवतील. पण कळत्या वयात दोघांनाही विचारायलाच हवं, आणि एकेकट्याला. एक 'हो' म्हणाला आणि दुसरा 'नको', तर?

तुम्ही काय कराल? रील फॉरवर्ड करण्याआधी एवढा विचार नक्की करा.